काकवीचा निळा जाळ

आगीबद्दल मला कोणी काही शिकवायला लागलं की मी तेव्हा चिडायचो. मी आगवाला होतो. इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणाऱ्याला गोंदियाच्या रेल्वेत आगवाला म्हणत, आणि ते काम मी अंगात मस्ती असण्याच्या वयात करत होतो. त्यात आमचं घर देवरीकडचं, पिढीजात दारू गाळणाऱ्यांचं. म्हणजे नोकरीवर आग आणि घरीही आग. लाल, पिवळी, पांढरी, धुराची, बिनधुराची, सगळी पाहून झाली अशी माझी पक्की समजूत होती. त्या समजुतीची एका नाताळच्या दुपारी पार माती झाली. आज म्हातारपणी ते आठवलं की मी गप्प होतो, आणि मला गप्प करणं किती अवघड आहे ते घरच्यांना विचारा.

मी ज्यांच्या हाताखाली कोळसा टाकायला शिकलो ते ड्रायव्हरसाहेब धड गोरेही नव्हते आणि धड आपल्यातलेही नव्हते. अशा ख्रिस्ती रेल्वेवाल्यांची गोंदियाला तेव्हा बरीच घरं होती. शिव्या हिंदीत द्यायचे आणि शाबासकी इंग्रजीत, त्यामुळे मला हिंदी चांगली आली आणि इंग्रजी अजिबात नाही. माणूस मात्र सोन्यासारखा. थंडीतली फेरी संपवून परत आलो की मला घरी न्यायचे. त्यांच्या मेमसाब पेल्यात गरम पाणी, साखर, लिंबाची फोड आणि वरून बाटलीतली तपकिरी दारू घालून पुढे ठेवायच्या. कधी चहातच दोन चमचे ओतायच्या. तिला ते रम म्हणत. छातीत शेकोटी पेटल्यासारखं व्हायचं. आमच्या घरच्या मोहाच्या दारूला तोंड वाकडं करणारा मी, तिथं पेल्याचा तळ चाटायचो.

पुढे साहेब रिटायर झाले आणि त्यांची नजर जायला लागली. उभा जन्म भट्टीच्या तोंडाकडे बघण्यात गेलेला. नागपूरच्या डॉक्टरनं मेमसाबना बाजूला घेऊन सांगितलं की आतला पडदा जळाला आहे, थोडं उरलंय तेही येत्या उन्हाळ्यापर्यंत जाईल. साहेबांना हे कोणी सांगितलं कोण जाणे, पण त्यांना ठाऊक होतं. दिवाळी होऊन थंडी पडायला लागली होती. मी भेटायला गेलो तर मला म्हणाले, “एक बार और पुडिंग जलता देखना है. बस.”

मी म्हटलं, पुडिंग म्हणजे काय ते मला माहीत आहे, दर नाताळला तुम्ही खायला देता; पण जळतं म्हणजे? करपतं?

तेव्हा मेमसाबनी सांगितलं. नाताळच्या जेवणात शेवटी पुडिंग ताटात उलटं करायचं, खिडक्या लावून खोली काळोखी करायची, त्यावर रम ओतायची आणि काडी लावायची. निळा जाळ उठतो. पुडिंगला काही होत नाही, दारू तेवढी जळते. साहेबांचे वडील असंच करायचे आणि साहेब लहानपणापासून तेवढ्यासाठी वर्षभर वाट बघायचे. पण आता दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती. रम होती नव्हती ती सगळी फौजेकडे जात होती. गोंदियाच्या दुकानात बाटली मिळेना, नागपुरात मिळेना. आधीचा नाताळ तसाच गेला होता. आणि पुढच्या नाताळपर्यंत साहेबांचे डोळे राहणार नव्हते.

मी विचारलं, “रम बनती किससे है?”

“गन्ने से,” साहेब म्हणाले. “शक्कर का जो काला शीरा बचता है, उसको सड़ाते हैं, फिर खींचते हैं. लकड़ी के पीपे में बरसों रखते हैं, तब वो रंग आता है.”

अहो, मी उडालोच! काळा शिरा म्हणजे आपली काकवी! आमच्या भागात तलावाखाली ऊस, गावोगाव गुऱ्हाळं, पोरं भाकरीबरोबर काकवी खाऊन मोठी झालेली. दारू गाळणारी भट्टी माझ्या आत्याच्या दारात. आणि ही माणसं सातासमुद्रापलीकडून येणाऱ्या बाटलीसाठी रडत होती. मी मांडीवर थाप मारून सांगितलं की रम मी आणतो, साहेब, तुम्ही फक्त काडेपेटी सांभाळा.

देवरीकडे जाणारी मोटर तेव्हा पेट्रोल मिळत नसल्यामुळे कोळशाच्या गॅसवर चालायची. चढ आला की सगळ्यांनी उतरून ढकलायची. ढकलत ढकलत आत्याकडे पोचलो. आत्या म्हणजे माझ्या बापाची थोरली बहीण. विधवा. दारूचा ठेका दिराच्या नावावर होता, पण भट्टी तिची. गाव दिवसा तिच्या नावानं नाक मुरडायचं आणि दिवस मावळला की तिच्याच ओसरीवर येऊन बसायचं. मी सगळी हकीकत सांगितली तर ती माझ्या तोंडाकडे बघतच राहिली.

“खायच्या वस्तूले आग लावतेत?”

“हो.”

“काऊन?”

“बघायला.”

“बाप्पा!” ती म्हणाली. “अन् काकवीची दारू? मोहाच्या भट्टीत ऊस घालू म्या? डोकं फिरलं का तुहं?”

मी साहेबांच्या डोळ्यांचं सांगितलं. मग ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, “जाय, गुऱ्हाळावरून काकवी आण. ताजी नको आणू, जरा आंबूस झालेली आण.”

काकवी आणली. तिनं ती कोमट पाण्यात सैल केली, मोठ्या मडक्यात भरली आणि वर मूठभर वाळके मोह, म्हणजे मोहाची फुलं, टाकले. त्याशिवाय आंबणार नाही म्हणाली. तोंडाला फडकं बांधून मडकं भाताच्या तणसात पुरलं. थंडीचे दिवस, आंबायला वेळ लागणार होता. मी गोंदियाला जाऊन ड्यूट्या केल्या आणि सुट्टी मिळाली तसा परत आलो. पाहतो तर आत्या मडक्याला कान लावून बसलेली.

“ऐक,” ती म्हणाली.

मी कान लावला. आत काहीतरी चालू होतं. बारीक, न थांबणारी कुजबुज. फडकं सारलं तर फेस वर चढून आला होता, फुटत होता, पुन्हा चढत होता. ना खाली जाळ, ना कोणी हलवणारं. जन्मभर त्या घरात ये-जा केलेला मी, पण मडक्याला कान कधी लावला नव्हता. अंगावर काटा आला, खरं सांगतो. गोड काकवी आपली आपण काहीतरी वेगळीच व्हायला निघाली होती.

“बोलून राहिली तवर हात नाई लावाचा,” आत्या म्हणाली. “गप झाली का मंग गाळाची.”

मडक्यातली काकवी गप्प झाली तेव्हा आम्ही ओढ्याकाठी भट्टी लावली. चुलीवर हंडा, हंड्यात ते आंबलेलं पाणी, वर पालथं मडकं, मडक्यातून निघालेली पोकळ बांबूची नळी आणि नळीचं दुसरं टोक ओढ्याच्या गार पाण्यात बसवलेल्या घड्यात. सगळे सांधे आत्यानं चिखलानं लिंपले. आग माझ्याकडे दिली. मी सवयीनं लाकडं कोंबली आणि फुंकर मारली.

“ए आगवाल्या!” ती माझ्यावर खेकसली. “इंजिन नाई होय हे! उतू जाईल समदं. काढ लाकडं!”

मला राग आला. जंक्शनचा आगवाला मी, मला ही बाई आग शिकवते! पण हंड्यातून खरंच गुरगुर ऐकू यायला लागली होती, तेव्हा मुकाट्यानं लाकडं ओढली. जाळ निवला. आम्ही बसून राहिलो. बराच वेळ काही नाही. मग नळीच्या तोंडाशी एक थेंब जमला, लोंबला आणि पडला.

आत्यानं ते पहिले थेंब ओंजळीत धरले आणि जमिनीवर सोडले, देवाच्या वाट्याचे. आमच्यात ही रीतच आहे. मग तिनं बोटावर घेऊन हुंगलं आणि बोट तसंच नाकाशी धरून बसली. मोहाचा तो उग्र वास नव्हताच. पिकलं केळं, जळका गूळ, गुऱ्हाळाच्या कढईवरची वाफ, असं काही काही त्यात होतं. काळ्याकुट्ट काकवीतून पाण्याहून स्वच्छ धार पडत होती आणि तिच्यात अख्खा ऊस होता! मला विचाराल तर देवळातसुद्धा माझे हात इतके आपोआप जोडले गेले नाहीत. आत्या माझ्याहून कडक बाई, पण तीही म्हणाली, “बाई वं! जलम गेला मोह गाळण्यात, अन् हे शेजारच्या शेतात उभं होतं.”

धार चालू असताना तिनं मला काकवीचं भांडं परत द्यायला गुऱ्हाळावर पिटाळलं. परत आलो तर बाटल्या भरून, बुचं ठोकून तयार होत्या. रंगासाठी तिनं थोडी साखर लोखंडी पळीत काळी करून घातली होती. बाटली उजेडात धरली तर मेमसाबच्या रमशी अगदी जुळत होती. एका फडक्यात वाळके मोहही बांधून दिले, कारण मनुके मिळत नाहीत हे मी तिला बोललो होतो. मी निघालो तर तीही लुगडं बदलून बाहेर आली.

“तू कुठं?”

“मंग? एवढी म्या गाळली, अन् आग लावताना पाहाची नाई?”

अशी आत्या आयुष्यात पहिल्यांदा गोंदियाला आली, तीही नाताळसाठी. मेमसाबनी तिला खुर्ची दिली. ती खाली बसली. मग मेमसाबही खाली बसल्या. एकीला मराठी येत होती तीही आमच्या झाडीपट्टीतली, दुसरीला स्टेशनावरची हिंदी, पण तासाभरात दोघी मिळून मोह निवडत होत्या. तेवढे मोह आणि घरातले चार मनुके रममध्ये भिजले. त्यात पावाचा चुरा, अंडी, गूळ, चरबी, मसाला. सगळा गोळा फडक्यात बांधून पाण्यात उकळत ठेवला. तो उकळायला लागला तेव्हा आतल्या खोलीतून साहेब ओरडले, “रम है! असली है!” वासावरून. मेमसाबच्या डोळ्यांना पाणी आलं आणि माझी छाती फुगली ती दुसऱ्या दिवसापर्यंत खाली आली नाही.

नाताळच्या दुपारी जेवणं झाली. पुडिंग ताटात उलटं केलं. काळंभोर, चकचकीत, घरभर दरवळ. मेमसाबनी खिडक्या लावल्या, वर जाड चादरी अडकवल्या. साहेबांना टेबलाशी बसवलं. मी पळीनं रम ओतली, काडी ओढली आणि टेकवली. चर्र झालं आणि काडी विझली.

दुसरी काडी. चर्र. तिसरी मेमसाबनी लावली. तीही विझली.

“जला?” साहेबांनी विचारलं.

“अभी नहीं,” मेमसाब म्हणाल्या. त्यांचा आवाज मला अजून ऐकू येतो.

मी भराभर काड्या ओढत सुटलो. घाम फुटला. रम पेटत नव्हती. तेव्हा भिंतीशी बसलेली आत्या हळूच म्हणाली, “कडक नाई ते. कशी पेटंल?”

“कडक नाही म्हणजे? पहिल्या धारेची ना?”

“पहिल्या धारेची म्हाताऱ्या माणसाले झेपते का? आजारी हाये म्हनला तू. म्हणून म्या मागची धार बी त्यातच मिळवली. पोटाले बाधू नये म्हणून.”

अरे देवा! आमच्याकडे म्हाताऱ्याला, बाळंतिणीला दारू द्यायची तर अशीच नरम करून देतात. माया असते त्यात. आणि त्या मायेनं सगळ्याचा सत्यानाश केला होता. मी आत्यावर जो भडकलो! जाळायला पाहिजे म्हणून दहादा सांगितलं होतं, तुझ्या डोक्यात शिरलं कसं नाही, एवढ्या लांबून काय रंगीत पाणी आणलं का, असं तोंडाला येईल ते बोललो. ती ऐकून घेत होती. साहेब मान खाली घालून बसले होते. शेवटी ती उठली.

“झालं बोलून? मंग चूल पेटव. अन् इंजिनाची आग नको.”

स्वयंपाकघरात जाऊन तिनं मेमसाबकडे एक खोल पातेलं मागितलं. उरलेली रम त्यात ओतली. मधोमध वीट ठेवून तिच्यावर रिकामी वाटी ठेवली. पातेल्यावर खोलगट बुडाची कढई बसवली आणि कढईत गार पाणी भरलं. फट बुजवायला चिखल कुठून आणायचा? ती इकडेतिकडे बघत होती, तोवर मेमसाबनी कणीक भिजवायला घेतलीसुद्धा. दोघींनी मिळून कणकेनं सांधा लिंपला. नाताळच्या दिवशी, ख्रिस्ताच्या तसबिरीखाली, भट्टी! विनापरवाना गाळणं गुन्हा होता, पण शेजारी कोण राहतं याचा विचार मी केलाच नाही.

मी कोळसे धरून बसलो. एकेक कोळसा चिमट्यानं ठेवत होतो, काढत होतो. इंजिनाच्या भट्टीत मी फावड्यानं कोळसा भिरकावला, पण तिथं कधी कोळसे मोजले नव्हते. आत्या कढईवर हात ठेवून पाणी तापलं की बदलायला सांगायची, आणि मेमसाब विहिरीचं ताजं पाणी ओतायच्या. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं. रम तापत होती, तिचा जीव वर चढत होता, गार बुडाला लागून पुन्हा थेंब होत होता आणि वाटीत पडत होता, हे सगळं मनानंच बघायचं. उन्हं खिडकीतून सरकली. पुडिंग पुन्हा फडक्यात बांधून गरम पाण्यात सोडलं होतं. बाहेरच्या खोलीतून साहेबांनी एकदाही हाक मारली नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

आत्यानं कणीक फोडली. वाटीत स्वच्छ पाण्यासारखं काहीतरी होतं, जेमतेम वाटीभर. काकवी नाही, रंग नाही, काही नाही. तिनं हुंगलं आणि तोंड मागे घेतलं.

“आता लाव,” ती म्हणाली.

पुन्हा अंधार केला. पुन्हा पुडिंग ताटात. मेमसाबनी वाटीतली धार वरून सोडली आणि काडी पुढे नेली. काडी टेकायच्या आधीच जाळ उठला.

काय सांगू तुम्हाला! आवाज नाही, धूर नाही, ठिणगी नाही. त्या काळ्या पुडिंगच्या अंगावरून निळं काहीतरी वाहत खाली आलं, ताटात पसरलं आणि काठाला लागून पुन्हा वर चढलं. आरपार दिसत होतं त्यातून. जवळ हात नेला तेव्हा कळलं की ऊब आहे, म्हणजे ही खरीच आग आहे. मी आगवाला, मी तोंड उघडं टाकून उभा. आत्यानं दोन्ही हात कपाळाला लावले होते. आमच्या शेजारच्या शेतातला ऊस तो, आणि त्याच्या पोटात हे होतं!

मग मी साहेबांकडे बघितलं. त्यांचं तोंड पुडिंगकडे नव्हतंच. मान वळवून ते भलतीकडे, कोपऱ्यातल्या कपाटाकडे बघत होते. मेमसाबनी पण ते पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

आत्या पुटपुटली, “दिसत नाई गा त्याले.”

“चुप,” साहेब म्हणाले. मान तशीच वळवलेली. “सीधा देखूँ तो बीच में काला है. बाजू से दिखता है. चुप रहो सब.”

जाळ ताटाच्या एका अंगाला फुटला, त्याचे दोन झाले.

“टूट गई,” साहेब म्हणाले. “बाएँ को टूट गई. बाप रे, कितनी नीली है.”

डावीकडेच फुटला होता तो. मेमसाब रडत होत्या, पण आवाज न करता. त्यांनी साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि साहेबांनी तो बाजूला केला. मध्ये काही नको होतं त्यांना. जाळ खाली बसत चालला. टोकाला जरा पिवळा झाला. आम्हा तिघांचं लक्ष आता पुडिंगकडे नव्हतंच, आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. ते कपाटाकडे तोंड करून बसले होते, श्वास धरून, आणि गालावर निळा उजेड हलत होता. मग तो उजेड गेला.

“गई,” साहेब म्हणाले.